पंच्याण्णव पिंपे आणि एक बाटली

माझे सर्वांत जास्त खपलेले वाङ्मय अवघे सात शब्दांचे आहे.

तशी माझ्या नावावर दोन पुस्तके आहेत. एक लघुनिबंधांचा संग्रह. त्याच्या पाचशे प्रतींपैकी निम्म्या आमच्या माळ्यावर पापडाच्या डब्याशेजारी सुखाने नांदत आहेत. दुसरे पुस्तक संतवाङ्मयावरचे. ते माझे विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी विसरतात. पण ते सात शब्द मात्र घरोघरी गेले. फडताळांत आणि फ्रिजच्या दारांत जाऊन बसले. पाहुण्यांनी ते वाचले, लहान मुलांनी अक्षरे लावीत वाचले. लेखकाला याहून अधिक काय हवे असते? पण त्या सात शब्दांनी मला पुढे जी अद्दल घडवली, ती सांगण्यासाठीच आजचा हा लेखनप्रपंच.

त्याचे असे झाले. माझा धाकटा मेहुणा मुंबईतल्या नोकरीला कंटाळून तीन वर्षांपूर्वी गावी, रत्नागिरी जिल्ह्यात, परतला. घरची रातांब्याची झाडे होती. त्याने सरबताचा धंदा मांडला. वैशाखातल्या एका दुपारी एक कोरी बाटली घेऊन तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, “भावोजी, तुम्ही एवढे मराठीचे प्राध्यापक. हिच्यावर लावायला एक झकास ओळ लिहून द्या. लोकांना वाचूनच तहान लागली पाहिजे!”

बायकोच्या भावाने केलेली स्तुती ही खास चीज असते. मी कागद ओढला, दोनदा खोडले, आणि तिसऱ्यांदा लिहिले : ‘निवडक रातांब्यांपासून घरगुती पद्धतीने केलेले अमृत कोकम.’ मेहुण्याने ते मोठ्याने वाचले. आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “अगदी आईच्या बरणीसारखं वाटतं हो ऐकून!” माझ्या आजवरच्या साहित्यिक कारकीर्दीला घरातून मिळालेली ती पहिली दाद. मी त्या आठवड्यात वर्गातही जरा छाती काढूनच हिंडत होतो.

शहरातल्या वाचकांसाठी येथे दोन शब्द सांगायला हवेत. अमृत कोकम करायचे म्हणजे ताजे, पिकलेले रातांबे घ्यायचे, त्यांच्या वाट्या करून त्यांत साखर भरायची, आणि बरणी काही दिवस उन्हात ठेवायची. साखर फळाचा रस ओढून घेते आणि तो गडद लाल पाक तयार होतो. आमसूल ही वेगळी गोष्ट. रातांब्याची साल उन्हात खडखडीत वाळवली की आमसूल होते, आणि ते वर्षभर टिकते. रातांब्याचा हंगाम मात्र उन्हाळ्यापुरता. मृगाचा पाऊस कोसळला की खेळ आटोपला.

त्याच वर्षी नाताळच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो. घरामागच्या पडवीत काम चालले होते. कौतुकाने बघायला म्हणून गेलो, तर कोपऱ्यात आमसुलांची पोती. दोन बायका बिनमिठाची आमसुले पाण्यात भिजत घालीत होत्या, पलीकडे साखरेचा पाक उकळत होता, आणि भिंतीशी भरलेल्या बाटल्यांची रांग उभी होती. प्रत्येक बाटलीवर माझे सात शब्द.

“अरे, हे आमसुलाचं आहे,” मी म्हणालो.

“मग? डिसेंबरात रातांबे कुठून आणू?” मेहुणा हसला. “भावोजी, आमसूल कशाचं होतं? रातांब्याचंच ना? ते निवडून घेतलंय, म्हणजे निवडक. करतो घरीच, म्हणजे घरगुती. तुमच्या ओळीत एक अक्षर तरी खोटं आहे का, सांगा!”

मी सांगू शकलो नाही. त्याने पुढचा बाण काढला. “सकाळी दोन पेले प्यालात. चवीत काही कळलं?” काही कळले नव्हते. उलट मी तिसरा पेला मागितला होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या वाक्यातला प्रत्येक शब्द खरा होता आणि वाक्य मात्र खोटे होते, हे मला आतून कळत होते. पण ते सिद्ध कसे करायचे, हे उमगत नव्हते. वीस वर्षे भाषा शिकवणाऱ्याला यासारखी नामुष्की नाही.

परत आल्यावर ही हकिकत मी आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त वकीलसाहेबांना सांगितली. ते खो खो हसले. म्हणाले, “प्राध्यापकमहाराज, तुमच्या मेहुण्याचा खटला अमेरिकेत १९२४ सालीच निकालात निघालाय. फक्त तिथे रातांब्याऐवजी सफरचंद होतं.” दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या निकालपत्राची छापील पाने माझ्या हातात ठेवली. त्या पानांवरचे नाव वाचूनच मी चाट पडलो. एका बाजूला अमेरिकेची संयुक्त संस्थाने, आणि दुसऱ्या बाजूला ‘सफरचंदाच्या सायडरचे व्हिनेगर म्हणवणारी, अधिक-उणी, पंच्याण्णव पिंपे’!

पिंपांवर खटला? होय. आणि तो विनोद नव्हे. ही सारी कथा सुरू होते १९०६ साली. त्या वर्षाच्या जूनच्या ३० तारखेला अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शुद्ध अन्न आणि औषध कायद्यावर सही केली. त्यामागे ज्यांची अनेक वर्षांची खटपट होती ते डॉक्टर हार्वे वायली हे सरकारी शेतीखात्याचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ होते. गृहस्थ मोठे करामती. १९०२ साली त्यांनी वॉशिंग्टनमध्ये आपल्या कचेरीच्या तळघरात एक खानावळच काढली. धट्टीकट्टी तरुण मुले स्वखुशीने तिथे जेवायला यायची, आणि त्यांच्या जेवणात अन्न टिकवण्यासाठी त्या काळी सर्रास घातले जाणारे टाकणखार, सॅलिसिलिक आम्ल, फॉर्मॅल्डिहाइड असले पदार्थ मोजून घातलेले असायचे. त्यांच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो, याची रोज नोंद व्हायची. वर्तमानपत्रांनी या मंडळींचे नाव ठेवले ‘विषपथक’. पुढे १९०६ मध्येच अप्टन सिंक्लेअर यांची ‘द जंगल’ ही शिकागोच्या खाटीकखान्यांवरची कादंबरी आली आणि लोक खवळले. सिंक्लेअर यांना मजुरांचे हाल दाखवायचे होते. मी लोकांच्या हृदयावर नेम धरला आणि तो चुकून पोटाला लागला, अशा अर्थाचे ते पुढे म्हणाले.

तर या कायद्याने दोन गुन्हे ठरवले. एक भेसळ, म्हणजे वस्तूत खोट. दुसरा, वस्तूच्या नावात, लेबलात खोट. आणि सरकारला असा अधिकार दिला, की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेला असा माल सरळ जप्त करावा आणि त्या मालालाच प्रतिवादी करावे. त्यामुळे त्या काळच्या अमेरिकन निकालपत्रांत पिंपे, पेट्या नि पोती रांगेने उभी राहिलेली दिसतात. कोकाकोलासुद्धा त्यातून सुटले नाही. १९०९ साली टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा येथे त्याच्या अर्काची चाळीस पिंपे आणि वीस लहान पिंपे पकडली गेली. त्यात घातलेले कॅफीन अपायकारक आहे, हा एक आरोप. आणि नावात कोका नि कोला असून आत कोका मुळीच नाही व कोला असलाच तर नावापुरता, हा दुसरा. कंपनीचे म्हणणे, हे नाव आमचे स्वतंत्र नाव आहे, त्याचा असा फोडून अर्थ लावू नका. खालच्या कोर्टात कंपनी जिंकली. १९१६ साली सर्वोच्च न्यायालयाने, हे प्रश्न असे वरच्यावर निकालात काढता येणार नाहीत, रीतसर चालवा, म्हणून प्रकरण परत पाठवले. शेवटी कॅफीन कमी करून तडजोड झाली. एका समासाच्या विग्रहावरून एवढा मोठा खटला लढला गेला, हे वाचून माझ्यासारख्या व्याकरणाच्या माणसाला केवढी धन्यता वाटली म्हणून सांगू!

पण माझी खरी गाठ होती ती पंच्याण्णव पिंपांशी. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टर नावाचे गाव आहे. तिथली एक कंपनी व्हिनेगर, म्हणजे आपण ज्याला शिरका म्हणतो तो, करीत असे. साधारण सप्टेंबरअखेरपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत सफरचंदांचा हंगाम. तेव्हा ताज्या फळांचा रस काढून शिरका व्हायचा. काही फळे मात्र वाळवून ठेवायची. वाळवताना त्यांतले सुमारे ८० टक्के पाणी उडून जायचे. हंगाम संपला की त्या वाळक्या सफरचंदांत उडालेल्या पाण्याइतके पाणी घालायचे आणि त्याचा शिरका करायचा. पिंपावर लेबल होते : सफरचंदाच्या सायडरचे व्हिनेगर, निवडक सफरचंदांपासून केलेले.

‘निवडक’ हा शब्द वाचताच मी पाने खाली ठेवली आणि उठून पाणी प्यालो. सातासमुद्रापलीकडे, माझ्या जन्माच्या किती तरी आधी, कुणी तरी नेमका माझाच शब्द वापरून ठेवला होता!

कंपनीचा बचावही मेहुण्याच्या पडवीतलाच होता. वाळवले तरी ते सफरचंदच ना? उडाले तेवढेच पाणी परत घातले, मग फरक कुठे राहिला? ओहायोतल्या पहिल्या कोर्टाने सरकारच्या बाजूने निकाल दिला; अपिलात कंपनी जिंकली; आणि १९२४ च्या जूनच्या २ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती पिअर्स बटलर यांच्या मुखाने, तो निकाल फिरवला. न्यायमूर्तींच्या म्हणण्याचा मथितार्थ असा. कायदा फसव्या विधानालाच नव्हे, तर फसवू शकणाऱ्या कुठल्याही विधानाला, चित्राला किंवा युक्तीला मनाई करतो. अक्षरशः खऱ्या असलेल्या वाक्यानेही फसवणूक होऊ शकते. सायडर म्हणजे ताज्या फळाचा रस. ‘निवडक सफरचंदांपासून’ हे शब्द वाचून, फळे वाळवलेली होती आणि त्यांतले मूळचे पाणी जाऊन दुसरे आले आहे, अशी शंकाही कुणाला येणार नाही. उलट ते शब्द त्या गैरसमजाला हातभारच लावतात. आणि वाळक्या सफरचंदांचा शिरका ताज्याहून हलका आहे की नाही, हा प्रश्नच इथे नाही.

हे शेवटचे वाक्य मी तीनदा वाचले. “चवीत काही कळलं?” या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले. चव सारखी असेल; कदाचित सरसही असेल. पण पिणाऱ्याने मागितले ते एक आणि त्याला दिले ते दुसरे. त्याची निवड आपण त्याला न विचारता करून टाकली.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गेली वीस वर्षे मी वर्गात शब्दशक्ती शिकवीत आलो आहे. अभिधा, लक्षणा, व्यंजना. शब्दाचा सरळ अर्थ ती अभिधा. आणि शब्द न बोलता जे सुचवतो ती व्यंजना. चांगला कवी व्यंजनेने बोलतो, हे मी फळ्यावर लिहून देतो. मेहुणा अभिधेच्या आड उभा होता, आणि त्या न्यायमूर्तींनी व्यंजनेवर निकाल दिला होता! लेबलाचा अर्थ लिहिणाऱ्याच्या शब्दकोशात नसतो. तो विकत घेणाऱ्याच्या मनात जे चित्र उमटते त्यात असतो. ‘निवडक रातांबे’ म्हटल्यावर मुंबई-पुण्याच्या माणसाच्या डोळ्यांपुढे लाल रसरशीत फळे येतात. ती यावीत म्हणूनच तर मी ते शब्द दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिले होते!

आपल्याला हे काही नवीन नाही. ‘नरो वा कुंजरो वा’ आपण सगळेच जाणतो. धर्मराजही अक्षरशः खरेच बोलला होता. फक्त हत्तीचा उल्लेख त्याने, आजच्या भाषेत सांगायचे तर, बारीक टायपात छापला. पण त्याचा जमिनीवरून चार बोटे चालणारा रथ खाली आलाच.

तुम्ही म्हणाल, एका सरबताच्या बाटलीसाठी एवढे अवडंबर कशाला? मलाही तसे वाटले असते. पण वकीलसाहेबांनी मला पुढची एक गोष्ट सांगितली. १९०६ च्या कायद्याला मोठमोठी भोके होती. औषध बाजारात आणण्यापूर्वी ते सुरक्षित आहे की नाही, हे तपासायचे बंधनच त्यात नव्हते. १९३७ साली एका कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध एका विषारी द्रवात विरघळवून पातळ स्वरूपात विकले. नाव दिले ‘एलिक्झिर’, आपण अमृत म्हणू तसेच. शंभराहून अधिक माणसे मेली; त्यांत पुष्कळ लहान मुले होती. आणि सरकारला तो माल जप्त करायला कायद्यात आधार मिळाला तो एवढाच, की एलिक्झिर म्हणजे मद्यार्क असलेले औषध, आणि यात तर मद्यार्क नव्हता! शंभर माणसांच्या मरणाला कायद्याकडे कलम नव्हते. नावातल्या खोटेपणाला होते. त्या एका शब्दाला धरून उरलेल्या बाटल्या गावोगावहून गोळा केल्या गेल्या. पुढच्याच वर्षी, १९३८ साली, नवा कडक कायदा आला. आपल्याकडे अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा. त्याची जागा आता २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घेतली आहे, आणि खोट्या लेबलाला त्यात तीन लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

हा तीन लाखांचा आकडा मी घरी उच्चारला आणि रणकंदन माजले. “माझ्या भावाला तुम्ही कायदा दाखवणार?” सौभाग्यवती कडाडल्या. “त्याने बँकेचं कर्ज काढलंय. सगळे असंच करतात. आणि ओळ लिहिली कोणी? तुम्हीच ना?” शेवटचा घाव वर्मी होता. मी गप्प बसलो. दोन दिवस घरात अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या तिन्ही शक्ती केवळ भांड्यांच्या आवाजातून प्रकट होत होत्या.

तिसऱ्या दिवशी रात्री भात वाढता वाढता ती एकदम म्हणाली, “आई काय करायची, आठवतंय? अमृत कोकमाची बरणी गणपतीपर्यंत संपायची. मग कुणी पाहुणा आला की आई दारातच सांगायची, ‘अमृत कोकम संपलंय हो, आमसुलाचं करून देते.’ पाहुणा म्हणायचा, ‘द्या की!’ आणि पिऊन जायचा.”

मी वाढलेल्या ताटावर तसाच बसून राहिलो. त्या निकालपत्रात आणखी एक वाक्य होते, की न फसवणारे शब्द शोधणे काही अवघड नाही. माझ्या सासूबाईंना शाळेचे तोंडही नीट पाहायला मिळाले नव्हते. त्यांना ते शब्द दारात उभ्या-उभ्या सुचत होते, आणि एम. ए. झालेल्या जावयाला टेबलाशी बसून सुचले नव्हते.

फोन तिनेच केला. काय बोलली ते मला ठाऊक नाही. दार लावून बोलली. आठवड्याने मेहुणा आला तो टेम्पोसह. पुण्याच्या दुकानांतून उचलून आणलेल्या आठ डझन बाटल्या त्याने आमच्या गॅलरीत उतरवल्या. चेहरा आंबट होता, पण शब्द वाकडा नव्हता. मग आम्ही तिघे फरशीवर बसलो, गरम पाण्याची बादली नि फडकी घेऊन. लेबले सहजासहजी निघेनात. माझेच शब्द मी नखांनी खरवडून काढीत होतो. ‘निवडक’ सगळ्यात चिवट निघाला. एक बाटली उतरवताना फुटली होती. मी उरलेल्या मोजल्या आणि मला एकट्यालाच हसू आले. दोघे भाऊबहीण माझ्याकडे पाहत राहिले. आता त्यांना कसे सांगू, की बरोबर पंच्याण्णव भरल्या होत्या!

नवे लेबल लावले : ‘आमसुलाचे सरबत.’ माझी जुनी ओळ आता फक्त उन्हाळ्यातल्या मालावर लागते. यानंतर खप दुप्पट झाला, असे लिहिण्याचा मोह मला होतो आहे. गोष्ट कशी गोजिरवाणी होईल! पण खप त्या हिवाळ्यात घटला. यंदा तो पूर्वीच्या ठिकाणी येईल, अशी मेहुण्याला आशा आहे. कर्जाचे हप्ते चालू आहेत. छपाईचा निम्मा खर्च मी दिला; माझ्या वाङ्मयाला असा उलटा मोबदला प्रथमच द्यावा लागला.

परवा दिवाळीच्या तयारीच्या गडबडीत, भर ऑक्टोबरच्या उन्हात, शेजारच्या काकू आल्या. हिने फ्रिजमधून बाटली काढली. काकूंनी चष्मा वर करून लेबल वाचले. “अगं, आमसुलाचं? मला वाटलं, तुमचं ते अमृत कोकम असेल.”

“ते मे महिन्यातलं, काकू. संपलं,” ही म्हणाली. “आमसुलाचं करून देऊ?”

“दे की!” काकू म्हणाल्या. आणि दोन पेले प्यायल्या.